‘बदलावं लागेल’ म्हटलं, की माप विचारा

गाडी सर्व्हिसिंगला दिली की दुपारपर्यंत गॅरेजमधून फोन येतो. ब्रेक पॅड गेलेत, बॅटरी वीक आहे, इंजिन फ्लश करून घ्या, इंजेक्टर साफ करायला हवेत. यातलं काही खरंच गरजेचं असतं, काही नसतं, आणि दोन्ही एकाच सुरात सांगितलं जातं. फरक ओळखायला स्वतः मेकॅनिक असावं लागत नाही. ‘गेलंय’ आणि ‘वीक आहे’ यांवर होकार देऊ नका. किती उरलंय आणि कंपनीची मर्यादा किती, एवढं विचारा. झिजणाऱ्या बहुतेक भागांना मोजता येणारी मर्यादा असते. ज्याचं माप नाही, लक्षण नाही आणि जे गाडीच्या मॅन्युअलमधल्या वेळापत्रकातही नाही, ते काम त्या दिवशी करायचं कारण नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ ब्रेकचा, म्हणून तिथे जरा थांबू. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिमी असतो आणि तो ३ मिमीच्या आसपास आला की पॅड बदलतात. ६ मिमी शिल्लक असताना ‘अर्धे संपलेत, आत्ताच टाकू’ म्हणणं घाईचं आहे. मोजताना मागची लोखंडी पट्टी धरायची नाही, फक्त थर. आणि आतला-बाहेरचा, दोन्ही पॅड बघायचे, कारण चाकाच्या फटीतून फक्त बाहेरचा दिसतो. एकाच चाकात बाहेरचा पॅड ७ मिमी आणि आतला २ मिमी निघाला, तर पॅड बदलावे लागतीलच, पण मूळ दोष तिथे नाही. बहुतेक वेळा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिन, म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या पिना, जाम झालेल्या असतात, नाहीतर पिस्टन नीट मागे जात नसतो. पिन साफ करून योग्य ग्रीस न लावता नुसते पॅड टाकले, तर नवेही तसेच तिरके झिजतील आणि काही महिन्यांत तोच फोन पुन्हा येईल.

डिस्कची, म्हणजे पॅड जिला पकडतात त्या चाकासोबत फिरणाऱ्या चकतीची, किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. तो आकडा आणि मोजलेली जाडी शेजारी शेजारी लिहून मागा. साधा व्हर्नियर डिस्कच्या काठावर उरलेल्या कडेवर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो, म्हणून मायक्रोमीटर आतल्या पट्ट्यावर लावावा लागतो. पॅड बदलताना प्रत्येक वेळी डिस्क घासून घेण्याची गरज नसते. ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली धडधडत असेल किंवा स्टेअरिंग थरथरत असेल, तर डिस्क तपासायची. गाडी धुतल्यावर डिस्कवर येणारा तांबूस गंज चार वेळा ब्रेक दाबला की जातो. त्याचा फोटो पाठवून कुणी डिस्क विकत असेल तर सरळ नाही म्हणा.

ब्रेक फ्लुइडचं मात्र उलट आहे. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून बऱ्याच कंपन्या दर २ वर्षांनी बदलायला सांगतात. डॉट ४ या दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलन बिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. मग लांब उतारावर फ्लुइडमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. हे काम दिसत नाही म्हणून लोक टाळतात, आणि दिसायला चकचकीत असलेली नको ती कामं करून घेतात.

इंजिन फ्लश, म्हणजे जुनं ऑइल काढण्याआधी त्यात रसायन घालून इंजिन आतून धुणं, त्यातलंच. ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनात फ्लशने काढण्यासारखं फारसं काही नसतं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या इंजिनात गाळ असतो, पण फ्लशने सुटलेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकले तर ऑइलचा दाब पडतो. म्हणजे चांगल्या इंजिनाला नको आणि वाईट इंजिनाला धोक्याचं. अशा इंजिनात चांगलं ऑइल घालून पुढचे एक-दोन बदल लवकर करणं शहाणपणाचं. ऑइल काळं झालंय हे कारणही पुरेसं नाही. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं. किलोमीटर आणि महिने बघा.

एसीचा गॅस इंधनासारखा जळून संपत नाही, तो बंद सर्किटमध्ये फिरतो. होज आणि ओ-रिंगमधून अनेक वर्षांत थोडा झिरपतो हे खरं, पण दर वर्षी ‘टॉप-अप’ लागत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती कुणी शोधलेली नाही. आधी लक्षण नीट सांगा. हवा थंड आहे पण झोत कमी, तर केबिन फिल्टर काढून बघा. गाडी चालताना थंड आणि सिग्नलला उभी राहिली की कोमट, तर कंडेन्सरचा (गाडीच्या पुढे असलेल्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) फॅन किंवा कंडेन्सरवरची माती हे पहिले संशयित. गॅस खरंच भरायचा असेल तर उरलेला काढून, व्हॅक्यूम करून, वजन करून भरतात. किती ग्रॅम ते बहुधा बोनेटखालच्या स्टिकरवर असतं. गेज बघून अंदाजाने भरलेला जास्तीचा गॅस गारवा कमीच करतो आणि कॉम्प्रेसरवर ताण आणतो.

बॅटरीबद्दल दोनच गोष्टी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. पण उतरलेली बॅटरी मेलेली असतेच असं नाही. आधी पूर्ण चार्ज करायची, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर साफ करायचा आणि मगच लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून बॅटरी किती टिकते ते बघणं. तिचा छापील रिपोर्ट मागा.

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर बिघाडाचा कोड आला म्हणजे त्या नावाचा भागच गेला, असं नसतं. पी०४२० आला की थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) सुचवला जातो, जो गाडीतल्या महागड्या भागांपैकी एक आहे. पण एक्झॉस्टची गळती किंवा बिघडलेला ऑक्सिजन सेन्सरही हाच कोड आणू शकतो, ते आधी तपासायला हवं. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट पेटत नाही. प्रत्येक स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी वेगळी कॉइल असेल, तर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावायची, कोड पुसायचा आणि गाडी चालवायची. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलसोबत गेला, एकच कॉइल बदला. कोड जागचा हलला नाही, तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळा. चारही कॉइल एकदम बदलायला सांगणाऱ्याने बहुधा हे केलेलं नसतं.

कधीकधी गाडीत नसलेल्याच गोष्टीचं काम सुचवलं जातं. पूर्णपणे इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगला फ्लुइड नसतं. टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारी साखळी) असलेल्या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसतो. मॅन्युअल चाळून या दोन ओळी आधीच माहीत करून घ्या. समोरचा खरंच तुमची गाडी बघून बोलतोय की ठरलेली यादी वाचतोय, ते तिथेच कळतं.

जोडीने बदलायला सांगणं म्हणजे मात्र फसवणूक नव्हे. ब्रेक पॅड एकाच अ‍ॅक्सलच्या (पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या) दोन्ही चाकांचे बदलतात, शॉकअ‍ॅब्सॉर्बरही शक्यतो जोडीनेच. शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर तेलाचा पुसट, धूळ चिकटलेला थर असेल तर तो तेवढ्यावरून खराब ठरत नाही. तेल ओघळून खाली आलेलं असेल, किंवा खड्ड्यानंतर गाडी हेलकावतच राहत असेल, तर बदला.

काम सुरू होण्याआधी जॉब कार्डवर ‘जुने भाग परत द्यावेत’ असं लिहून घ्या. अल्टरनेटर, स्टार्टरसारखे भाग काही वेळा बदल्यात कंपनीकडे जातात, तेव्हा निदान डोळ्यांनी बघा. फोनवर होकार देण्याआधी मापासकट फोटो मागा. नीट काम करणाऱ्या मेकॅनिकला त्याचा राग येत नाही, उलट तो लिफ्टखाली बोलावून दाखवतो.

आणि काही कामं घासाघीस न करता तिथल्या तिथे करा: चाकाच्या बॉल जॉइंटमध्ये (सस्पेन्शनच्या सांध्यात) हाताला जाणवणारा ढिलेपणा, चिरलेला ब्रेक होज, टायरच्या बाजूला आलेला फुगा. टायमिंग बेल्टची मुदत किलोमीटर आणि वर्षं या दोन्हींत दिलेली असते, आधी जी संपेल ती धरायची. बेल्ट वरून धडधाकट दिसतो, तडे नसतात, म्हणून ‘अजून चालेल’ असं वाटतं. पण बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि सिलिंडर हेड उतरवावं लागतं.