केस गळत होते, आणि दुखतही होते

केस बांधताना टाळू दुखते, हे मी पाचेक महिने कोणाला सांगितलंच नाही. केस गळतात म्हटलं की सगळे उपाय सुचवतात. दुखतात म्हटलं तर "रबरबँड घट्ट होत असेल" म्हणून विषय संपतो.

माथ्यावर एक-दोन पुळ्या यायच्या. पिवळसर टोक, कंगवा लागला की कळ. फुटल्या की खपली धरायची आणि शेजारी नवी तयार. मी कोंडा समजून शाम्पूच्या बाटल्या बदलत बसले. पहिल्या डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन तपासलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दिवसाला 50 ते 100 केस जाणं स्वाभाविक असतं, हेही समजावलं. माझं डोकं मात्र त्यांनी पाहिलं नाही, आणि मीही पुळ्यांचं बोलले नाही. घरी येऊन बाथरूमच्या जाळीवरचे केस मोजायला लागले, तेवढं एक वेड वाढलं.

मग एकदा ताईने मागून फोटो काढला. अंगठ्याच्या नखाएवढा भाग गुळगुळीत, चकचकीत. त्याच्या कडेला एकेका छिद्रातून सहा-सात केस, बाहुलीच्या डोक्यावर असतात तसे झुपक्याने उगवलेले. "अगं, हे कोंड्याचं नाही," ताई म्हणाली आणि तिनेच त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

या डॉक्टरांनी डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, टाळूवर टेकवला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. एरवी टाळूवर केसांच्या मुळांची बारीक छिद्रं दिसतात, केस गळलेला असला तरी. माझ्या त्या चकतीत छिद्रंच नव्हती. छिद्र बुजलं की तिथे पुन्हा केस येत नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. पुढची दोन मिनिटं माझ्या कानात काही शिरलं नाही.

एका ताज्या पुळीतला पू स्वॅबवर घेतला. बायोप्सी चकतीच्या मधून न घेता तिच्या लालसर कडेवरून घेतली, कारण रोग जिथे चालू असतो तिथेच तो सापडतो. इंजेक्शन चरचरलं, बाकी काही कळलं नाही; 4 मिलिमीटरचा तुकडा, एक टाका.

स्वॅबमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला, बायोप्सीने नाव पक्कं केलं: फॉलिक्युलायटिस डीकॅल्व्हन्स, केसांच्या मुळांच्या दाहाचा आजार. "म्हणजे मी अस्वच्छ राहते?" मी विचारलंच. तसं नाही, डॉक्टर म्हणाल्या. हा जिवाणू कित्येकांच्या नाकात, त्वचेवर निमूट राहतो. काहींच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याच्याविरुद्ध एवढी पेटते की त्यात केसाचं मूळच नष्ट होतं, असं मानतात. संसर्गजन्यही नाही. माझा कंगवा ताईपासून लपवायची गरज नव्हती.

आधी तीन महिने डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात जपायचं. पुळ्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मग रिफॅम्पिसिन आणि क्लिंडामायसिन ही दोन प्रतिजैविकं एकत्र, 10 आठवडे. यकृताच्या तपासण्या आल्याच. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होईल हे आधी सांगितलं होतं, तरी पहिल्या सकाळी दचकले. कॉन्टॅक्ट लेन्स बंद, त्यांनाही डाग पडतात. गर्भनिरोधक गोळ्या या औषधापुढे भरवशाच्या राहत नाहीत, हे त्यांनी न विचारता सांगितलं. मला विचारायचं सुचलंही नसतं.

पाचव्या आठवड्यात केस बांधले आणि काही दुखलं नाही. खात्री करायला सोडून पुन्हा बांधले.

चकती आहे तेवढीच आहे. हा आजार उलटू शकतो, म्हणून ताई दर महिन्याला त्याच जागेचा फोटो काढते, शेजारी पट्टी धरून. गेले सात महिने कड सरकलेली नाही. भांग मी आता डावीकडे पाडते.