बाथरूममधला फॅन हीटर

आज एका बाथरूमात २००० वॅटचा भिंतीवरचा फॅन हीटर बसवला. टेबलावरचा हीटर इथे नकोच. आयपीएक्स४, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा, असं लिहिलेलाच घ्या.

खरी गोम वायरिंगमध्ये. हीटर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो, २००० वॅटचा गीझरही तेवढेच. दोन्ही एका लाइनवर म्हणजे १७.४. लोकांना वाटतं, १६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला आपोआप बंद होणारा स्विच) पडेल. एवढ्याशा जादा लोडला तो तासभरही पडत नाही! तोवर ढिल्या सॉकेटमध्ये प्लगची पिन काळी पडते. म्हणून वेगळी लाइन: २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, अर्थिंग, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच).

जागा शॉवरपासून निदान ६० सेंमी लांब, स्विच दाराबाहेर. टॉवेल वर वाळत घातला की हीटर जास्त तापतो आणि आतला थर्मल कटआउट तो बंद करतो. मग कंपनीला शिव्या घालू नका.