उसाची राख आणि आजीच्या माहेरची भिंत

आजीचं माहेर पाटणकडं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती तिथंच होती, आणि अजूनही विषय निघाला की ती भिंतीचंच सांगते, दगडमातीची दोन हात जाड भिंत कशी आत आली ते. सिव्हिल इंजिनिअरिंगला गेल्यावर मला त्याचं गणित कळलं, जमीन हलली की घरावर येणारा जोर घराच्या वजनाप्रमाणं वाढतो.

म्हणून हलक्या काँक्रीटचं मला एवढं पडलंय. साधं काँक्रीट घनमीटरला २४०० किलो, एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांनी फुगवलेल्या काँक्रीटचा) ५५० ते ६५० किलो. १० बाय १० फुटाची सहा इंची भिंत विटेत अडीच टनांच्या आसपास जाते, ब्लॉकात टनाच्या आत. (लिंटेलचा बँड, म्हणजे दारंखिडक्यांच्या वरून सगळ्या भिंती बांधून धरणारा काँक्रीटचा पट्टा, मात्र सोडायचा नाही हं, भिंत हलकी असली तरी.)

आणि माल आपल्या दारात आहे. कराडच्या बाजूला सीझन सुरू झाला की कारखान्यांच्या बॉयलरची बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख ट्रॉल्या भरभरून निघते, पाटणच्या खोऱ्यात भात म्हणजे तूस आलंच, आणि तूस नीट जाळलं तर राखेत ८५ टक्क्यांच्या वर सिलिका असते, सिमेंट भिजल्यावर जो चुना सुटतो त्याला ही सिलिका धरते आणि सिमेंटसारखाच चिकट पदार्थ बनतो, म्हणजे तेवढं सिमेंट वाचलं.

पण राख घातली की ब्लॉक हलका होतो हा समज चुकीचा आहे. हलकेपणा येतो हवेमुळं, नाहीतर खडीच्या जागी करवंटीचे तुकडे किंवा फ्लाय अ‍ॅशच्या (दगडी कोळशाच्या बारीक राखेच्या) भाजलेल्या गोळ्या घातल्या तर. एएसीत अ‍ॅल्युमिनियमची पावडर चुन्याबरोबर हायड्रोजन सोडते आणि मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगतं, तिथं फ्लाय अ‍ॅश लागते ती औष्णिक वीज केंद्रातली. राखेचं काम सिमेंट वाचवायचं, हवेचं काम वजन कमी करायचं.

पहिल्यांदा मी क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, पाडताना बॉयलरची राख जशी आली तशीच घातली, १० टक्के सिमेंट काढून. काळीकुट्ट, बोटावर काजळी यायची. मिस्त्रीमामा घमेल्यात बघून म्हणाले, "ताई, ही राख पाणी पितीया नुसती." खरंच होतं ते, अर्धवट जळलेला कोळसा सगळं पाणी ओढून घेत होता, आम्ही वरून पाणी ओतत गेलो आणि सात दिवसांनी क्यूबच्या कडा हातानंच भुगा होऊन पडायला लागल्या, मला इतकं वाईट वाटलं त्या दिवशी. मग राख चाळली, भट्टीत परत जाळली, करडी झाल्यावर बारीक दळली. तेव्हा मिश्रण नीट बसलं. करवंटीवाला क्यूब हातात घेतला तर सहा किलोच्या आसपास, साधा क्यूब आठ किलो भरतो, तो फरक हाताला लगेच कळतो.

माझ्या सख्ख्या मामाला घराच्या मधल्या भिंती बदलून हलक्या करायच्यात, आजी रोज विचारते कधी. राखेची ताकद सावकाश येते, म्हणून २८ दिवसांवर मी थांबले नाही, तीन क्यूब अजून टाकीत आहेत, ते ९० दिवसांनी फोडायचे आणि मगच मामाला हो म्हणायचं.