जांभळ्या पोटाचे शिनाणे

केरळात कोल्लमला येऊन तीन वर्षं झाली पण शिंपले दिसले की आमच्यातला मालवणी अजून जागा होतोच. परवा अष्टमुडी तळ्याच्या काठावर नेहमीच्या चेचीच्या (इथे ताईला चेची म्हणतात) टोपलीत काळपट, लांबुळके शिंपले दिसले आणि मी म्हटलं अरे वा शिनाणे, बारके आहेत जरा. तिनं नाक मुरडलं, "वरत्तन कक्का." कक्का म्हणजे शिंपला, आणि वरत्तन म्हणजे उपरा, कुठून तरी येऊन बसलेला. पैसे न घेता ओंजळभर पिशवीत टाकले, यावरून काय ते समजा!

घरी ओट्यावर सुरीनं उघडले. आपला शिनाणा आतून पांढरा, निळसर चमक असलेला असतो, आणि हा बघते तर आतून चक्क जांभळा, शाई सांडल्यासारखा. बाहेरच्या रंगावर जाऊच नका, कारण हे काळे असतात, तपकिरी असतात, कधी हिरवट पिवळे पट्टेवाले पण, आणि शिनाण्याची कोवळी पिल्लंही हिरवी, त्यामुळे भल्याभल्यांची फसगत होते. मग टोकाशी आतून नख फिरवलं. तिथे इवलीशी फळी लागली असती तर तो वेगळाच पाहुणा, मायटिलॉप्सिस सॅलेई, जो १९६७ मध्ये विशाखापट्टणमला सापडला आणि नंतर मुंबईच्या गोदीतही. माझ्या नखाला काही लागलं नाही. म्हणजे मायटेला स्ट्रिगाटा. जुन्या लिखाणात याचंच नाव मायटेला चारुआना असतं, शोधताना दोन्ही टाका नाहीतर अर्धी माहिती हुकते.

गाव याचं मध्य आणि दक्षिण अमेरिका. १९८६ मध्ये फ्लोरिडात जॅक्सनविलच्या एका वीजकेंद्राच्या पाण्याच्या पाइपात निघाला, मग फिलिपिन्स, सिंगापूर करत इकडे, बहुतेक जहाजांच्या बुडाला चिकटून किंवा तोल राखायला त्यांच्या पोटात भरलेल्या पाण्यातून. केरळातली नोंद २०१९ ची. खारं पाणी, मचूळ पाणी, याला सगळं चालतं.

चेचीचा राग मात्र वेगळ्या कारणानं. इथली पिवळ्या पायाची कक्का म्हणजे आपल्या तिसऱ्याच, त्या चिखलात रुतून राहतात, आणि हे उपरे वरून दोऱ्यांनी एकमेकांना धरून अशी चटई अंथरतात की खालच्यांचा श्वासच कोंडतो. याच तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये एमएससीचं (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल, समुद्र न ओरबाडता केलेल्या मासेमारीला दाखला देणारी संस्था) सर्टिफिकेट मिळालं होतं, भारतातलं पहिलं. आता जाळीत काय येतंय, तर हे.

गंमत म्हणजे ब्राझीलमध्ये यांना सुरुरू म्हणतात आणि आवडीनं खातात. मी आईला फोटो पाठवला, जांभळं पोट, अमेरिका, जहाजं, सगळं सांगितलं. तिचा एकच प्रश्न, "शिजल्यावर उघडतत ना गो?"