पुएब्लातली मिर्रा

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात मी काही वर्षं राहिले, हे कळलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "मेक्सिकोचा तो टिकल्यांचा घागरा म्हणे आपल्या एका राजकन्येनं तिकडे नेला. खरं का हो?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

घागरा तिनं नेला नाही. पण ती बाई खरी होती. मिर्रा तिचं नाव.

पुएब्ला स्पॅनिश लोकांनी १५३१ साली वसवलं. दंतकथांना तिथे तोटा नाही. बिशप गार्सेस यांच्या स्वप्नात म्हणे देवदूत दोऱ्या धरून रस्ते आखत होते, म्हणून गावाचं नाव 'देवदूतांचं पुएब्ला'. कॅथेड्रलची अवजड घंटा मनोऱ्यावर चढेना, तीही देवदूतांनीच एका रात्रीत चढवली. मला या गोष्टी ऐकायला आवडतात. पण शहर बांधलं ते त्लाश्काला, चोलुला अशा आसपासच्या गावांहून कामाला आणलेल्या मूळ रहिवाशांनी, आणि त्यांची नावं कुठल्याच कथेत नाहीत.

मिर्राचंही तसंच झालं. पोर्तुगीज चाच्यांनी भारताच्या किनाऱ्यावरून लहानपणीच तिला पळवलं. कोचीनला तिचा बाप्तिस्मा झाला, नाव पडलं कातारिना दे सान ह्वान. मग मनिला, आणि तिथून गलबतानं पॅसिफिक ओलांडून मेक्सिको. १६२० च्या सुमारास पुएब्लातल्या मिगेल दे सोसा यांनी तिला विकत घेतलं. विकत, हा शब्द कृपा करून वगळू नका. राजकन्येची गोष्ट सांगताना नेमका तोच गळतो.

मनिलाहून येणाऱ्या कुणाही आशियाई माणसाला तिथे 'चिनो' म्हणत, बाई असली तर 'चिना'. म्हणून भारतातली ही मुलगी चिना ठरली. पुढे ती दास्यातून सुटली. तिला दृष्टान्त होतात असं लोक मानू लागले, आणि ५ जानेवारी १६८८ रोजी ती वारली तेव्हा शहर तिला संत समजत होतं. तिचे धर्मगुरू आलोन्सो रामोस यांनी तीन खंडांचं चरित्र छापलं. ती मोगल राजघराण्यातली होती, असं त्यात म्हटलं आहे. इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, पुढे त्या चरित्रावर बंदी घातली. तिच्या स्वतःच्या हातची मात्र एक ओळही आपल्याजवळ नाही.

आणि घागरा? भरतकामाचं पांढरं पोलकं, लाल घेर, त्यावर टिकल्या, हा एकोणिसाव्या शतकातल्या मेक्सिकन शहरी बायकांचा पोशाख. त्या बायकांनाही 'चिना' म्हणत. शब्द एकच, म्हणून दीडएकशे वर्षांमागची कातारिना या पोशाखाशी जोडली गेली. ती स्वतः साधी, जाडीभरडी वस्त्रं नेसायची.

तुमचा हिरमोड झाला असेल, कळतं मला. आपल्या मुलीनं परक्या देशाला राष्ट्रीय पोशाख दिला, हे ऐकायला गोड वाटतं. पण मला ते तिच्यावर अन्याय करणारं वाटतं. साठाहून अधिक वर्षं ती त्या गावात जगली, आणि आपण तिच्याकडे मागतो काय, तर एक घागरा.

पुएब्लाला गेलात तर कॅथेड्रल पाहून झाल्यावर जवळच्या कोम्पान्यिया चर्चमध्ये जा. तिला तिथेच पुरलं. मी गेले की तिला कातारिना म्हणत नसे, मिर्राच म्हणायची.