अहिराणी संग्रहातला शोध: ‘शे’ आणि ‘ऱ्या’ यांनी घेतलेले दोन आठवडे

अमळनेर परिसरातून टिपलेल्या अहिराणी शब्दांचा माझा संग्रह एचटीएमएल पानांत आहे आणि तो मी सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये उघडतो. शब्द टाइप केला की तो पानात सापडावा, निवडला जावा आणि पान तिथपर्यंत सरकावे, एवढेच काम करून घ्यायचे होते.

जुन्या वेबब्राउझर कंट्रोलमध्ये (प्रोग्रॅममध्ये वेबपान दाखवणाऱ्या घटकात) क्रिएटटेक्स्टरेंज, फाइंडटेक्स्ट आणि सिलेक्ट या तीन पायऱ्या पुरत: मजकुराचा पट्टा म्हणजे रेंज घेणे, त्यात शब्द शोधणे आणि तो निवडणे. पुढचा शब्द हवा असेल, तर रेंज आधी शेवटाकडे कोलॅप्स करावी, म्हणजे सापडलेल्या शब्दाच्या शेवटी मिटवावी लागे. त्यामागचे इंजिन जुन्या इंटरनेट एक्सप्लोररचे असल्याने मी वेबव्ह्यू२ या नव्या घटकाकडे वळलो. तिथे एक्झिक्यूटस्क्रिप्टअसिंक मधून जावास्क्रिप्ट चालवतो: ट्रीवॉकर हे साधन पानातले मजकुराचे नोड (तुकडे) गोळा करते, त्यांवर रेंज बांधली जाते आणि ती सिलेक्शनमध्ये (पानातल्या निवडीत) घातली जाते.

पहिली अडचण ‘शे’ची आली. अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’, पण शोध ‘शेत’ आणि ‘शेवगा’ यांवरही थांबत होता. जावास्क्रिप्टचे शब्दसीमेचे चिन्ह फक्त रोमन अक्षरे, आकडे आणि अधोरेषा यांनाच शब्दाचा भाग मानते, म्हणून आधीचे व नंतरचे चिन्ह अक्षर नाही ना, हे स्वतः तपासावे लागते. या तपासणीत मात्रा आणि वेलांट्या विसरू नयेत. युनिकोडमध्ये (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) त्यांचा वर्ग वेगळा आहे आणि तो वगळला, तर ‘घर’ शोधताना ‘घरी’ही पूर्ण शब्द ठरतो.

खरा वेळ गेला तो अर्थाच्या रकान्यातल्या ‘शेतकऱ्याला’ या शब्दावर, कारण माझ्या नव्या नोंदींत ‘ऱ’ (युनिकोड क्रमांक यू+०९३१) आणि हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आहे, तर जुन्या नोंदींत साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक (यू+२००डी) आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपे एकसारखी करण्याची रीत) ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) यांचा ‘ऱ’ करते, मात्र जोडकाच्या रूपाला हात लावत नाही. म्हणून मजकुराच्या शोधापुरत्या प्रतीत मी ते रूप स्वतः बदलून ‘ऱ’ आणि हलन्त असे केले. तेव्हा शब्द सापडला, पण तीन चिन्हांची दोन झाल्यामुळे निवड एका चिन्हाने सरकू लागली. आता प्रतीतल्या प्रत्येक चिन्हाचे मूळ स्थान एका यादीत ठेवतो आणि रेंज त्या यादीवरूनच बांधतो.

शब्दाचा काही भाग ठळक असेल, तर तो दोन नोडांत विभागला जातो आणि अजून सापडत नाही. त्यासाठी संपूर्ण नोंदीचा मजकूर सलग जोडून, स्थानांच्या यादीत नोडही नोंदवायला घेतला आहे.