बोर्ड बदलला पण फॉरमॅट नाही मारला

२०२३ मधली गोष्ट, तारीख १८, दुपारी काकांचा फोन. काका म्हणजे जीएसटीची कामं करतात, बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांचे रिटर्न त्यांच्याकडे, आणि २० तारीख थ्री-बी, म्हणजे दर महिन्याचा जीएसटी रिटर्न, भरायची शेवटची. पीसी बंद. गेलो, एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा बदलून बघितला, रॅमला खोडरबर मारला, पंखा फिरतोय पण डिस्प्ले नाही, म्हणजे मदरबोर्ड गेला. चौथ्या जनरेशनच्या प्रोसेसरचा एच८१ बोर्ड होता, आता चांगला कुठे मिळणार, मग एच६१० बोर्ड, बाराव्या जनरेशनचा आय-थ्री प्रोसेसर आणि जुनी डीडीआर३ त्यात बसत नाही म्हणून रॅमपण नवी.

"हे बघ, काहीही कर पण फॉरमॅट मारू नकोस," काका म्हणाले. बरोबरच होतं, फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, मग हिशेबाचं टॅली, डिजिटल सहीचा डोंगल, प्रिंटर, सगळं परत बसवायला अख्खा दिवस गेला असता.

रॅम किंवा ग्राफिक कार्ड बदललं तर विंडोजला काही पडलेली नसते, एसएसडी टाकायची तर क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, मारला की झालं. धाकधूक असते ती बोर्डाची. एक्सपीच्या काळात बोर्ड बदलला की बहुतेक वेळा निळी स्क्रीन ठरलेली, पण विंडोज १० बरंच निभावून नेते. म्हणून जुनी एसएसडी तशीच लावली, तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, डिस्क दिसतेय पण बूटच्या यादीत नाही! बघितलं तर विंडोज लेगसीमध्ये म्हणजे बूट व्हायच्या जुन्या पद्धतीत टाकलेली, डिस्क एमबीआर म्हणजे जुन्या मांडणीची, आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआय म्हणजे नव्या पद्धतीवाला. कुठल्या शहाण्याने टाकली म्हणून मनात दोन शिव्या हासडल्या.

आधी पूर्ण डिस्कचा क्लोन दुसऱ्या एसएसडीवर घेतला, ते न करता यात हात घालायचाच नाही. मग विंडोजच्या पेन ड्राइव्हने बूट, शिफ्ट एफ-टेन, काळ्या खिडकीत एमबीआर-टू-जीपीटी, म्हणजे डिस्कची मांडणी नवी करणारी कमांड. व्हॅलिडेशन फेल, म्हणजे आधीच्या तपासणीतच अडली. सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी, डी, ई मिळून चार प्रायमरी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे चार भाग, आणि त्या कमांडला जास्तीत जास्त तीनच चालतात. ई मध्ये लग्नाचे फोटो होते, ते बाहेर काढले, पार्टिशन उडवलं, परत कमांड, झालं. रीस्टार्ट केलं तर गोल गोल ठिपके, खाली 'डिव्हाइसेस रेडी करतोय' आणि टक्के, काका खुर्ची ओढून टक्के मोजत बसलेले. डेस्कटॉप आला, सगळे आयकॉन जागच्या जागी! लॅन चालत नव्हतं, त्याचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून टाकला.

उरलं विंडोजचं ॲक्टिव्हेशन. लायसन्स जुन्या बोर्डाला चिकटलेलं, पण नशिबाने काकांच्या पुतण्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं होतं, तो कॅनडात, तिकडे पहाट. उठवून ओटीपी घेतला, ट्रबलशूटरमध्ये 'हार्डवेअर बदललंय' सांगितलं आणि कोपऱ्यातली 'ॲक्टिव्हेट विंडोज' ही अक्षरं गेली.

काकांनी चहा मागवला. कप हातात घेत म्हणाले, "मग २०१९ ला नुसती रॅम वाढवताना फॉरमॅट का मारला होतास रे?"

मी पेन ड्राइव्ह कुठल्या खिशात ठेवला ते शोधत बसलो.